लूना-15 आणि आमचा भाचा



मागच्या सुटीत सौंसरला ताईकडे गेलो होतो. भाच्याचा इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा निकाल मनासारखा आला नव्हता. पोरगं जेवणाच्या ताटावरही गप्प. शेवटी म्हणाला, "मामा, मी आता परीक्षेले नाई बसत."

मी त्याला लूना-15 ची गोष्ट सांगितली. 13 जुलै 1969 ला, अपोलो-11 च्या तीन दिवस आधी, सोव्हिएत संघाने हे मानवरहित यान सोडलं. चंद्रावरची माती अमेरिकेच्या आधी पृथ्वीवर आणायचा बेत होता. चंद्राला 52 फेऱ्या झाल्या. खालची जमीन ओबडधोबड दिसल्याने उतरणं लांबलं. 21 जुलैला यान उतरू लागलं आणि चारेक मिनिटांत संपर्क तुटला. ते चंद्रावर आदळलं, तेव्हा आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावरच होते. त्यांनी 21 किलोंहून जास्त माती-दगड आणले, लूना-15 ने काहीच नाही.

"मंग?" भाचा म्हणाला.

मग आणखी काही प्रयत्न फसले. पण सप्टेंबर 1970 मध्ये लूना-16 ने 101 ग्रॅम माती आणली. माणूस न पाठवता आणलेली ती पहिलीच.

आपलं विक्रमही 7 सप्टेंबर 2019 ला असंच आदळलं होतं. इस्रोने चूक शोधली. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा थोडा जास्त पडला होता आणि उतरायची जागा फक्त 500 मीटर बाय 500 मीटर ठरवलेली होती. चांद्रयान-3 साठी ती 4 किलोमीटर बाय 2.4 किलोमीटर केली, सॉफ्टवेअर सुधारलं. 23 ऑगस्ट 2023 ला यान अलगद उतरलं. आता चंद्राची माती आणायला चांद्रयान-4 मंजूर झालंय.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही हेच चालतं. प्रोग्राम बंद पडला की आधी लॉग उघडायचा, रडणं नंतर.

भाऊजी इतका वेळ ऐकत होते. ते संत्र्याचे बागायतदार. म्हणाले, "आंबिया बहार गळाला म्हणून कोणी झाडं तोडते का बाप्पा? मृगाची वाट पायतो ना आपण!"

माझ्या 52 फेऱ्यांपेक्षा ते एक वाक्य जास्त लागू पडलं. रात्री भाच्याने स्वतःच उत्तरपत्रिका काढली. गणितात नाही, वेळेत गडबड झाली होती. शेवटचे अकरा प्रश्न त्याने वाचलेच नव्हते.

पुन्हा बसायचं की नाही, ते तो ठरवेल. पण चूक कुठे झाली, ते आता त्याला माहीत आहे.