आमेन म्हणा, हिशोबही मागा

आमच्या बीडकडच्या मंडळीत दर रविवारी पाळकांसाठी प्रार्थना होते: प्रभू, त्यांना नम्र ठेव, प्रामाणिक ठेव. मीही आमेन म्हणतो. पण अर्पणाचा हिशोब विचारला की लगेच ऐकवतात, तुझा विश्वास कमी पडतोय!

मी सॉफ्टवेअरवाला. माझा कोड दुसऱ्यानं तपासल्याशिवाय लाइव्ह जात नाही. त्यात कसला आलाय अपमान?

सप्टेंबर 2022 मध्ये जबलपूरच्या बिशपांना फसवणुकीच्या आरोपावरून नागपूर विमानतळावर अटक झाली. आधीच्या छाप्यात दीड कोटीवर रोकड सापडली होती. प्रार्थना त्यांच्यासाठीही होतच असणार की!

रेव्हरंड टिळकांनी 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. तेवढं कुणाकडे मागत नाही. वर्षाचा जमाखर्च चर्चच्या फळ्यावर लावा. येत्या रविवारी आमेननंतर मी खजिनदारांकडे तोच मागणार आहे.