मुक्त कामावर कर्त्याचे नाव हवेच

मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात श्रेयावरून वाद झाला की एक आक्षेप हमखास येतो: जे काम समाजाला देऊन टाकले, त्यावर नावाचा हट्ट कशाला? अजिंठ्याच्या कलावंतांनी कुठे नावे मागितली? हा दाखला नीट तपासला तर आक्षेपावरच उलटतो. सोळाव्या लेण्याच्या शिलालेखात वराहदेवाचे नाव आहे. वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशिमहून राज्य करणाऱ्या वाकाटक हरिषेणाचा तो सचिव. विंध्यशक्तीपासूनची राजवंशावळही तिथे कोरली आहे. छिन्नी चालवणाऱ्यांची नावे तेवढी नाहीत. खर्च करणाऱ्याचे नाव उरले, राबणाऱ्याचे गळले. नोंदीचा नियम नसला की श्रेय ज्याच्या हाती सत्ता त्याच्याकडे जाते.

आजही तसेच घडते. सॉफ्टवेअरच्या मराठीकरणाच्या फायलीत शेवटच्या भाषांतरकाराच्या नावाची एक जागा असते. नवा माणूस आला की जुने नाव पुसले जाते. कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनात कोड लिहिणारा आणि तो प्रकल्पात दाखल करणारा यांच्या वेगळ्या नोंदी होतात. पण प्रमुखाने दुसऱ्याची दुरुस्ती स्वतःच्या नावे चिकटवली, तर प्रकल्पाचा इतिहासच खोटा होतो. ‘फुकट दिलेल्या कामावर हक्क कसला?’ याचे उत्तर अमेरिकेच्या अपील न्यायालयाने 2008 मध्ये जेकबसन विरुद्ध कॅट्झर खटल्यात दिले. खेळण्यातल्या रेल्वेच्या मुक्त सॉफ्टवेअरमधील फायली कर्त्यांची नावे गाळून वापरल्या गेल्या होत्या. पैसे घेतले नाहीत म्हणून परवान्याच्या अटी निरर्थक ठरत नाहीत, असे न्यायालयाने मानले. आपल्याकडेही 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 57 लेखकाला कर्तृत्वावर दावा सांगण्याचा हक्क देते, आणि कायद्याच्या लेखी संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृतीच आहे.

नावांची गर्दी होते, ही तक्रार मात्र खरी आहे. बर्कली विद्यापीठाच्या जुन्या सॉफ्टवेअर परवान्यात प्रत्येक जाहिरातीत श्रेय देण्याची अट होती. नेटबीएसडी या संगणक प्रणालीच्या 1997 च्या एका आवृत्तीत मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी अशी 75 वाक्ये मोजली. 1999 मध्ये विद्यापीठाने ती अट काढली. मूळ कोडमधली कॉपीराइटची नोंद ठेवली. बाधा जाहिरातीची होती, नोंदीची नव्हती. कोणाचा वाटा मोठा हे ठरवता येत नाही, हेही मान्य. पण नोंदीला तराजू लागत नाही. कोणी, काय, केव्हा केले एवढे पुरे. कोणाला टोपणनाव हवे असेल तर तेही चालेल, मात्र ती निवड कर्त्याची असावी.

शिवाय नावासोबत जबाबदारी येते. लिनक्स या मुक्त प्रणालीत चोरीचा कोड असल्याचा आरोप एससीओ कंपनीच्या 2003 च्या खटल्यामुळे गाजला. त्यानंतर 2004 पासून लिनक्सच्या गाभ्यातील प्रत्येक बदलावर पाठवणाऱ्याच्या नावाची ग्वाही घेतली जाऊ लागली. कोड कुठून आला, हे सांगण्याची सोय नावांमुळेच झाली. रिसोड किंवा कारंज्यासारख्या लहान गावातल्या विद्यार्थ्याला अशा कामाचा पगार मिळत नाही. त्याच्या कसबाचा पुरावा म्हणजे ही नोंदच. म्हणून कोड, भाषांतर, चाचणी आणि दस्तऐवज या प्रत्येक कामाच्या श्रेयाचा नियम प्रकल्पाने पहिल्याच दिवशी लिहावा. घेणाऱ्याला पूर्ण मोकळीक आणि देणाऱ्याला त्याचे नाव, या दोन्ही गोष्टी पाळणारा प्रकल्पच मुक्त म्हणवून घेण्यास पात्र आहे.