सिलिंडरसमोरची जागा

मार्च एंडच्या फायली एप्रिलमध्ये रेकॉर्डला जायच्या असतात. त्या जातात भिंतीकडेला. गेल्या आठवड्यात एका पतसंस्थेत गेलो होतो. दाराजवळच्या आग विझवायच्या लाल सिलिंडरचं जेमतेम डोकं दिसत होतं. पुढ्यात व्हाउचरचे गठ्ठे, त्यांवर पाण्याचा रिकामा जार, हँडलला कुणाच्या तरी डब्याची पिशवी. काटा मात्र हिरव्या पट्ट्यात, पिनचं सील शाबूत, तपासणीचा टॅगही ताजा.

म्हणजे कागद पुरे होते. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचा दाखला परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत घ्यावा लागतो. तपासणीच्या दिवशी भिंत मोकळी असतेही. खोकी नंतर येतात, ‘पाच मिनिटं ठेवतो’ म्हणून.

सहा किलोचा पावडरचा सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामा होतो. त्याची ताकद तेवढीच. केराच्या टोपलीतली, स्विचबोर्डातली, नुकती धरलेली आग त्याने विझते. छताला भिडलेली नाही. गठ्ठे उपसण्यात गेलेला वेळ थेट आगीच्या पदरात पडतो. आणि ते गठ्ठे कागदाचेच असतात!

सिलिंडर दाराजवळ लावतात तो विचारपूर्वक. विझवणाऱ्याच्या पाठीशी बाहेरची वाट राहावी, नाहीच जमलं तर त्याला निघता यावं. पण आलेलं कुरिअर, भंगारात जायचा प्रिंटर, दिवाळीच्या भेटवस्तूंची खोकी टेकवायलाही दाराजवळचीच जागा सोयीची. त्यामुळे सिलिंडर अडतो तेव्हा बहुतेक वेळा वाटही अडलेली असते. मला याचीच जास्त धास्ती वाटते.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी या तारखेपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. ठिकठिकाणी प्रात्यक्षिकं होतात, पण मोकळ्या आवारात: ट्रेमध्ये डिझेल पेटवायचं, पिन ओढायची, नोझल ज्वाळांच्या बुडाशी धरायचा. हे शिकायलाच हवं. मात्र यंदा त्याआधी प्रत्येकाला आपल्या टेबलापासून आपल्या मजल्यावरच्या सिलिंडरपर्यंत चालत जाऊन तो खाली उतरवायला सांगा. कुठे अडतंय ते लगेच कळेल.

मग त्या जागेखाली फरशीवर पिवळा चौकोन आखा आणि त्यात ठेवलेली वस्तू न विचारता उचलायचा अधिकार शिपाईमामांना लेखी द्या. वस्तू साहेबांची असली तरी.