पाठ, पाट आणि ईएमआय

मंगळवारी सकाळी साडेनऊला मी डावा मोजा घालायला वाकले आणि तिथेच राहिले. म्हणजे अक्षरशः राहिले! ना वर येता येईना, ना खाली बसता येईना. अकराला कर्वे रोडवर एक इंटरव्ह्यू होता आणि मी एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा, पलंगाची कड धरून रूममेटला हाका मारतेय. ती तोंडात ब्रश घेऊन बाहेर आली, मला बघितलं आणि पहिलं वाक्य काय, तर ‘‘थांब, हलू नकोस, फोटो काढते.’’ रूममेट असावी तर अशी!

इंटरव्ह्यू फोनवर उरकला. मग दोन दिवस आडवं पडून मी जे केलं, ते तुम्हीही केलं असतं. शॉपिंग! पाठ दुखत असताना माणूस काहीही विकत घ्यायला तयार असतो, हे त्या ॲपवाल्यांना बरोब्बर कळतं. तासाभरात माझ्या कार्टमध्ये मसाज गन, खांदे मागे ओढणारा पोश्चर बेल्ट, काटेरी ॲक्युप्रेशर मॅट, ‘ऑर्थोपेडिक’ उशी, जिम बॉल आणि पलंगाखाली सरकवता येणारा वॉकिंग पॅड एवढं जमलं. टोटल तीस हजारांच्या घरात. खाली हिरव्या अक्षरांत ‘नो कॉस्ट ईएमआय’. फ्रीलान्सरचं कसं असतं, मार्चमध्ये लिहिलेल्या लेखाचे पैसे जुलैमध्ये येतात, तेही तीन मेल टाकल्यावर. तरी माझं बोट त्या बटणावर होतं. वेदना हिशेब करत नाही हो.

तिसऱ्या दिवशी रूममेटनं जवळजवळ ओढतच फिजिओथेरपिस्टकडे नेलं. त्या मॅडमनी पाठीला हात लावायच्या आधी प्रश्नच प्रश्न विचारले. पायात मुंग्या येतात? बधिरपणा? पायातली ताकद गेल्यासारखी वाटते? लघवी-संडासवरचा कंट्रोल नीट आहे ना? ताप? विनाकारण वजन कमी झालंय? यातलं काही असेल तर कुठलंही यंत्र, कुठलाही बेल्ट बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठायचा, आणि कंट्रोल गेला असेल तर त्याच दिवशी. मला यातलं काही नव्हतं. मग त्या म्हणाल्या, ‘‘काम कुठे बसून करता, फोटो आहे?’’ होता. त्यात मी होते, डायनिंग टेबल होतं, प्लॅस्टिकची खुर्ची होती, लॅपटॉप होता आणि माझी मान त्या लॅपटॉपमध्ये बुडालेली होती. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ‘दोन आठवड्यांचा प्रश्न आहे’ म्हणून मांडलेलं ते ऑफिस अजून तसंच आहे.

आता इथे जरा थांबू या, कारण गोम इथेच आहे. आपली टेबलं साधारण एकोणतीस-तीस इंच उंच असतात. माझी उंची पाच फूट एक. खुर्ची टेबलाला साजेशी वर घेतली तर माझे पाय बालवाडीतल्या पोरीसारखे लोंबकळतात. पाय टेकवले तर खांदे कानाला लागतात. त्यात लॅपटॉप हे भांडण लावायलाच बनवलेलं यंत्र. स्क्रीन आणि की-बोर्ड एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे हात नीट ठेवले तर मान खाली, मान नीट ठेवली तर हात वर. हे मसाज गननं सुटणार आहे का? नाही. उपाय अगदीच अनग्लॅमरस आहे. लॅपटॉप उचलून अशा उंचीवर ठेवायचा, की स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईल. (माझा सध्या तीन दिवाळी अंक आणि एका डिक्शनरीवर आहे. पत्रकारितेचा शेवटी काहीतरी उपयोग!) वेगळा की-बोर्ड आणि माऊस घ्यायचा. कोपरं साधारण काटकोनात, स्क्रीन हातभर लांब आणि पायांखाली काहीतरी टेकू. एवढ्यात माझे हजार-बाराशे गेले, बास.

खुर्ची घ्यायची असेल तर मात्र फोटो बघून घेऊ नका, प्लीज. दुकानात जा, पंधरा मिनिटं बसा. सेल्समन कंटाळला तरी उठू नका. पाठ टेकून बसल्यावर गुडघ्याची मागची बाजू आणि सीटची कड यात दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. आपल्यासारख्या बुटक्या मंडळींना बऱ्याच खुर्च्यांची सीट इतकी खोल पडते, की एक तर पाठ टेकत नाही किंवा पाय टेकत नाहीत. कमरेचा फुगवटा कमरेलाच लागतो की बरगड्यांना, ते बघा. हात टेकायचे दांडे वर-खाली होतात का, ते बघा. डोकं टेकायची ती भारदस्त उशी मात्र बघितली नाही तरी चालेल. आपण काम करताना तिला टेकतच नाही, टेकतो ते झोप आल्यावर.

मॅडमनी माझं कार्ट उघडायला लावलं आणि एकेक आयटम बाद करत गेल्या. बेल्टनं खांदे ओढून धरले जातात, पण काम बेल्ट करतो, स्नायू करत नाहीत. काढला की जैसे थे. मसाज गननं आखडलेला स्नायू थोडा वेळ सैल वाटतो, मजा येते, पण मानेच्या पुढच्या बाजूला, मणक्यावर किंवा हाडावर ती लावायची नाही, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. ॲक्युप्रेशर मॅटवर त्या नुसत्याच हसल्या. जिम बॉल व्यायामाला चांगला, बसल्यावर गुडघे काटकोनात यायला हवेत एवढं बघून साइज घ्यायचा. पण खुर्चीऐवजी दिवसभर त्यावर बसायची फॅशन नको, अर्ध्या तासात आपण त्यावरही पोतं होऊन बसतो. गरम पाण्याची पिशवी? ‘‘घ्या की. आखडलेल्या पाठीला शेक चांगला. पण शेक घेत दोन दिवस पडून राहिलात तेवढं चुकलं. जमेल तेवढं हिंडायला हवं होतं.’’ म्हणजे माझी बेडवरची शॉपिंग दोन्ही बाजूंनी अंगाशी आली.

‘ऑर्थोपेडिक’ या शब्दाचंही सांगते. तो गादीवर छापायला कोणा डॉक्टरची सही लागत नाही. पाठदुखीला फळीसारखी कडक गादीच हवी, असं आपल्याकडे आजोबांपासून सगळे सांगतात. स्पेनमध्ये ३१३ जणांवर याची नीट चाचणी झाली होती, २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. त्यात जुनी कंबरदुखी असलेल्यांना कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर जास्त आराम पडला. तेव्हा सतरंजीवर झोपून स्वतःला शिक्षा करून घेण्यात अर्थ नाही.

राहता राहिला वॉकिंग पॅड. त्यावर मॅडम काही बोलण्याआधी मलाच साताऱ्याचं घर आठवलं. तिथे बाबांचा ट्रेडमिल आहे. शुगर निघाल्यावर मोठ्या उत्साहानं घेतला. त्यावर ठसठशीत अक्षरांत तीन एचपी लिहिलंय. ते ‘पीक’ आहे, सलग चालताना मोटर किती ओढते तो आकडा वेगळा असतो आणि तो लहान अक्षरांत असतो, हे आम्हाला मोटर तापल्यावर कळलं. तुम्ही घेणार असाल तर तो दुसरा आकडा विचारा, पट्ट्याची लांबी बघा आणि दुरुस्तीला माणूस कुठून येणार, हेही विचारा. आमच्या ट्रेडमिलवर आता टॉवेल छान वाळतात. मूळ ट्रेडमिल विल्यम क्युबिट नावाच्या इंजिनिअरनं १८१८ च्या सुमारास इंग्लंडमधल्या कैद्यांना राबवायला बनवला होता म्हणे. बाबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, ‘‘वाटलंच होतं मला.’’ ते आता अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत चालून येतात.

शेवटी मला काय मिळालं? एक रबरी रेझिस्टन्स बँड, एक साधी मॅट (सहा मिलिमीटरची पुरे, जाड गुबगुबीत मॅटवर एका पायावर उभं राहून दाखवा!), पाच व्यायाम आणि दर अर्ध्या तासाला उठायची सक्ती. पुण्यात राहून साध्या वस्तूंना नाक मुरडू नये म्हणा. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये इथे योग शिकवायला आले आणि पट्टा, लाकडी वीट, लोड, खुर्ची, दोर असल्या घरगुती वस्तू घेऊन त्यांनी आखडलेल्या माणसांनाही आसनं करायला लावली. मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था १९७५ पासून आहे. तिथे कुठेही प्लग लावावा लागत नाही.

पायांखालच्या टेकूसाठी मात्र मला काही सापडेना. त्या वीकेंडला साताऱ्याला गेले, तर स्वयंपाकघरात ओट्याखाली पाट दिसला. जुना, सागवानी, चार बोटं उंच. बरोब्बर मापाचा! बॅगेत कोंबला आणि आणला पुण्याला. चौथ्या दिवशी आईचा फोन.

‘‘माझा पाट तू नेलास का गं?’’

‘‘हो, पायाखाली घ्यायला. तुला कशाला लागतो? खाली कोण बसतंय आता?’’

‘‘अगं, मलापण पायाखालीच लागतो. पोळ्या करताना एक पाय त्यावर ठेवते, मग दुसरा. कंबर ओढत नाही मग.’’

मी गप्प. उभं राहून काम करणाऱ्यांनी एक पाय आलटूनपालटून उंचावर ठेवावा, हे फिजिओ मॅडमनी मला चारच दिवसांपूर्वी आकृती काढून समजावलं होतं, आणि मी ते कौतुकानं वहीत उतरवून घेतलं होतं. आमचा ओटा घर बांधताना मिस्त्रीनं ठरवलेल्या उंचीचा. आई चार फूट अकरा. चोवीस वर्षं ती त्या ओट्याशी खांदे उचलून पोळ्या लाटतेय. घरात ट्रेडमिल आला, माझ्या पाठीसाठी माझं तीस हजारांचं कार्ट भरलं, आणि तिच्या वाट्याला आलेलं एकमेव इक्विपमेंट मी न विचारता उचलून आणलं होतं.

शनिवारी पाट परत नेला. माझ्यासाठी तुळशीबागेतून दुसरा घेतला. रविवारी आईलाच पुण्याला घेऊन आले आणि सोमवारी मॅडमसमोर बसवलं, कारण पाटाच्या गोष्टीतून गुडघ्यांचीही गोष्ट निघाली. जिना उतरताना ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरते, हे मी कित्येकदा बघितलं होतं, पण नोंद घेतली नव्हती.

‘‘किती वर्षं दुखतंय काकू?’’

‘‘दुखत नाही हो. सवय आहे.’’

मॅडमनी गुडघे तपासले. मग टॉवेलची गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवायला दिली. गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचा. दहा वेळा. मग हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं. मांडीच्या पुढचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो. ओट्याची भाजी बसून चिरायला उंच स्टूल वापरा म्हणाल्या, पोळ्याही जमल्या तर डायनिंग टेबलावर लाटा.

‘‘आणि विकत काय घ्यायचं?’’ आईनं पर्स उघडत विचारलं.

‘‘काही नाही. टॉवेल आहे ना घरी?’’

‘‘आहेत,’’ आई म्हणाली, ‘‘ट्रेडमिलवर.’’