आठव्याची हाक, सातव्याचे कान

केळी जरा जास्त पिकली की घडाभोवती चिलटं जमतात. आपण ती हाताने हाकलतो. त्यांतच एक लाल डोळ्यांची बारीक माशी असते, ड्रोसोफिला. तिच्या डोळ्याने शास्त्रज्ञांना एका जुन्या प्रश्नाचं उत्तर दिलं : पेशीने काय व्हायचं हे कोण ठरवतं, कुळ की शेजार?

या माशीच्या एकेका डोळ्यात सुमारे ७५० छोट्या नेत्रिका असतात आणि प्रत्येकीत प्रकाश टिपणाऱ्या आठ पेशी. १९७६ साली अमेरिकेत सीमोर बेंझर आणि सहकाऱ्यांनी लाल-पांढऱ्या ठिगळांचे डोळे असलेल्या माश्या तपासल्या. पांढरं ठिगळ म्हणजे एकाच पेशीचा वंश. कुळच सारं ठरवत असतं तर प्रत्येक नेत्रिका पूर्ण लाल किंवा पूर्ण पांढरी दिसली असती. पण ठिगळांच्या सीमेवर एकाच नेत्रिकेत दोन्ही वंशांच्या पेशी सापडल्या, आणि काम मात्र सर्वांचं चोख!

मग ठरवतं कोण? शेजार. कन्नडात आपण ‘नेरेहोरे’ म्हणतो तेच. आठव्या क्रमांकाची पेशी सर्वांत आधी तयार होते आणि आपल्या अंगावरच्या प्रथिनातून शेजारणीला खूण करते. ती खूण ओळखणारं प्रथिन ‘सेव्हनलेस’ या जनुकामुळे बनतं. हे जनुक बिघडलं तर सातवी पेशी प्रकाश टिपणारी होतच नाही, भिंग घडवणाऱ्या पेशींत जाऊन बसते. अशी माशी अतिनील प्रकाशाकडे झेपावत नाही. खूण करणाऱ्या जनुकाला शास्त्रज्ञांनी गमतीने ‘ब्राइड ऑफ सेव्हनलेस’, म्हणजे सेव्हनलेसची नवरी, असं नाव दिलं.

पेशींनी तोंड कुठे करायचं हेही असंच ठरतं. डोळ्याच्या मध्यरेषेच्या वरच्या आणि खालच्या नेत्रिका एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात. ‘फ्रिझल्ड’ हे जनुक बिघडलं की त्यांची तोंडं वाटेल तिकडे वळतात. त्याच घराण्यातली जनुकं सस्तन प्राण्यांच्या आतल्या कानातील सूक्ष्म केसांना दिशा देतात.

यात आपल्याला काय? सातवीपर्यंत पोचलेली खूण आत नेणारा ‘रास’ नावाचा दुवा माणसाच्या पेशीतही आहे. हाक आली की तो जागा होतो, काम झालं की शांत होतो. जनुकातल्या दोषाने तो कायमचा जागाच राहिला, तर कुणी हाक न मारताही पेशी वाढत सुटते. माणसाच्या अनेक कर्करोगांत हाच बिघाड आढळतो. त्यावर थेट काम करणारं पहिलं औषध अमेरिकेत २०२१ साली मंजूर झालं.

मुलाचा एखादा गुण दिसला की घराघरांत वाद होतो, हा आईकडचा की बापाकडचा? माणूस म्हणजे काही माशीचा डोळा नव्हे. तरी तिथला हिशोब ध्यानात ठेवण्यासारखा आहे : कान कुळाकडून मिळतात, हाक शेजारून येते. दोन्हींपैकी एक नसलं तर सातवी जागा रिकामीच राहते.