नाव बदलले की संगीत बदलते का?

१/ दहावे लिओ पोप असतानाची (१५१३–१५२१) हकीकत. रोममध्ये पोपच्या प्रार्थनामंदिरात सहा आवाजांसाठी रचलेले एक मोटेट मोठ्या आदराने गायले जाई. ते जोस्कां दे प्रे यांचे, अशी गायकांची समजूत होती. तरुण आद्रियान विलार्ट तेथे आले व ती रचना आपली असल्याचे त्यांनी सांगितले. गायकांनी ती गाणेच सोडून दिले.

२/ विलार्ट यांचे शिष्य झार्लिनो यांनी १५५८ च्या ग्रंथात ही गोष्ट नोंदवली आहे. कास्तिल्योने यांच्या १५२८ च्या पुस्तकात याच्या उलट प्रसंग येतो: उर्बिनोच्या दरबारात कोणालाही न रुचलेले मोटेट जोस्कां यांचे असल्याचे कळताच सर्वांना आवडू लागले.

३/ असा घोळ होण्यास हस्तलिखितांची रीत कारणीभूत होती. वृंदगायनाच्या पोथ्या उपासनेत गाण्यासाठी लिहिल्या जात. गायकाला स्वर व शब्द हवेत. रचनाकाराचे नाव नसले तरी त्याचे अडत नाही. म्हणून असंख्य रचना निनावी राहिल्या, तर काही रचना दोन पोथ्यांत दोन वेगळ्या नावांनी आढळतात.

४/ मुद्रणाने नावाला बाजारमूल्य आले. पेत्रुच्ची यांनी १५०२ मध्ये केवळ जोस्कां यांच्या मासरचनांचा संग्रह छापला. जोस्कां १५२१ मध्ये वारले. परंतु त्यांच्या नावावरील रचना वाढतच गेल्या. जिवंतपणी रचले त्याहून अधिक त्यांनी मृत्यूनंतर रचले, हा टोमणा गेऑर्ग फोर्स्टर यांनी १५४० मध्येच नोंदवून ठेवला.

५/ आधुनिक अभ्यासकही फसले. ‘मिसा दा पाचेम’ हा अनेक दशके जोस्कां यांच्या शैलीचा आदर्श नमुना मानला गेला. १९७२ मध्ये एडगर स्पार्क्स यांनी तो नोएल बाउल्डेवाइन यांचा असल्याचे दाखवून दिले.

६/ येथे खरा पेच उघड होतो. रचनांवरून शैली ठरवायची आणि त्याच शैलीवरून रचना कोणाची ते ठरवायचे! पायातील एक दगड चुकीचा निघाला की शैलीचे सारे चित्रच डळमळते.

७/ मग कर्तृत्वाचा शोध व्यर्थ समजावा काय? मुळीच नाही. त्या शोधामुळेच बाउल्डेवाइन यांना त्यांचे श्रेय मिळाले. मात्र कर्ता ठरवणे आणि मोल ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. ‘दा पाचेम’चा एकही स्वर १९७२ मध्ये बदलला नाही. थोर नाव गळून पडताच जी रचना संपादनातून, मैफलीतून, ध्वनिमुद्रणातून मागे सारली जाते, तिच्यावर अन्याय होतो. आणि जिला कधी नावच नव्हते, तिच्यावर तर तो पाच शतके होत आला आहे.

८/ पोपच्या गायकांना हसणे सोपे आहे. पण पुढच्या वेळी एखाद्या रचनेखाली ‘कर्ता अज्ञात’ असे दिसेल, तेव्हा पुढे सरकण्यापूर्वी ती एकदा पूर्ण ऐकावी. त्यांनी केलेली चूक टाळण्याचा तेवढाच मार्ग आहे.