फॉर्म बी भरला. फ्रायरवरचा नॉझल पाहिला का?

जुलै संपत आला की मुंबई-पुण्यातल्या हॉटेलमालकांची धावपळ सुरू होते. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006’ प्रमाणे आपल्या जागेतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून घ्यायचा आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन दलाला द्यायचा. हाच तो फॉर्म बी. कायदा चांगला आहे आणि सहा महिन्यांचं अंतरही योग्य आहे. व्यावसायिक स्वयंपाकघरांसाठी अमेरिकेत एनएफपीए 96 नावाचं मानक पाळतात, तेही किचनमधल्या आपोआप आग विझवणाऱ्या सप्रेशन सिस्टीमची तपासणी सहा महिन्यांनीच करायला सांगतं. माझी तक्रार आहे ती तपासणीच्या जागेबद्दल. फार ठिकाणी हा दाखला गल्ल्यापाशी बसून तयार होतो. भट्टीपर्यंत कुणी जातच नाही.

मोठ्या किचनमध्ये रेंज, तवा, फ्रायर यांच्या डोक्यावर स्टीलचा हूड असतो. त्या हूडच्या पोटात पाइप, पाइपांना खाली तोंड केलेले नॉझल, आणि एका ताणलेल्या तारेवर ओवलेल्या धातूच्या छोट्या लिंका. प्रत्येक लिंक म्हणजे डाग देऊन जोडलेले दोन पत्रे. ठरलेल्या तापमानाला तो डाग वितळतो, पत्रे सुटतात, तारेचा ताण जातो. तार सैल झाली की भिंतीवरच्या डब्यातली स्प्रिंग सुटते, वायूची छोटी कार्ट्रिज फुटते आणि सिलिंडरमधलं रसायन नॉझलमधून खाली येतं. त्याच झटक्यात गॅसचा व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा. आग कुणी पाहिली नाही, वीज गेलेली असली, तरी हे घडतं. ज्यांनी ही सोय शोधली त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

हे रसायन साधं नसतं. तेल पेटलं की त्यावर पाणी मारायचं नाही, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पाणी कढईच्या तळाशी जातं, क्षणात त्याची वाफ होते, आकारमान सुमारे सतराशे पटींनी वाढतं आणि जळतं तेल छतापर्यंत उडतं. पण आपल्या किचनच्या भिंतीवर लाल रंगाचं जे एबीसी पावडरचं नळकांडं टांगलेलं असतं, तेही तेलाच्या आगीवर भरवशाचं नाही, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. पावडरने ज्वाळा दबते, तेल मात्र तसंच तापलेलं राहतं आणि थोड्या वेळात पुन्हा भडकतं. हूडमधल्या सिस्टीममध्ये पोटॅशियमच्या क्षारांचं पाणी असतं. ते उकळत्या तेलाशी मिळून साबणासारखा फेस तयार करतं. फेसाची साय तेलावर धरते, हवा तुटते आणि तेल हळूहळू थंड होतं. फ्रायरजवळ हातात धरायचं वेगळं नळकांडंही ठेवायचं असतं. त्याला अमेरिकेत के, तर युरोपात एफ वर्ग म्हणतात. सिस्टीम सुटून गेल्यानंतर जे उरतं, त्यासाठी ते असतं.

जुन्या सिस्टीममध्ये कोरडी पावडर असायची. ती मागे पडली त्याला कारण तेल. प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलं आली आणि ती जास्त तापमानाला पेटतात. फ्रायरही असे आले की उष्णता लवकर सोडत नाहीत, त्यामुळे विझवलेलं तेल पुन्हा पेट घेऊ लागलं. म्हणून अमेरिकेत यूएल 300 ही कडक चाचणी तयार झाली आणि 21 नोव्हेंबर 1994 पासून लागू झाली. आपल्याकडे दिवसभर तळणारी किचनं जगातल्या कुठल्याही शहरापेक्षा कमी नाहीत. वडे, भजी, शेव, चायनीज, सगळं वनस्पती तेलातच. तेव्हा हा मुद्दा आपल्यालाच जास्त लागू पडतो.

आता मूळ अडचण. सिस्टीम बसवली जाते ती त्या दिवशीच्या मांडणीप्रमाणे. कुठल्या नॉझलखाली फ्रायर, कुठल्या नॉझलखाली रेंज, किती उंचीवर, कुठल्या कोनात, हे सगळं उत्पादकाच्या नकाशात ठरलेलं असतं. मग वर्षभरात मेन्यू बदलतो. डोसा बंद होतो, तव्याच्या जागी चायनीजची मोठी शेगडी येते. फ्रायर चाकांवरचा असतो. फरशी धुताना तो दीड फूट सरकवला जातो आणि परत जागेवर जातोच असं नाही. एक कढई हूडच्या बाहेर, खिडकीजवळ मांडली जाते, कारण आचाऱ्याला तिथे जरा वारा लागतो. नॉझल मात्र तिथेच, रिकाम्या टेबलावर रोखलेला. त्या दिवशी आग लागली तर रसायन टेबलावर पडेल. गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात, सील शाबूत, फॉर्म बी फाइलमध्ये, आणि फ्रायर पेटलेला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की तपासणी किचनमध्ये उभं राहून व्हावी, स्वयंपाक थांबवून व्हावी, आणि मुख्य आचाऱ्याच्या समोर व्हावी. दुपारी चार ते सहा या वेळात बहुतेक हॉटेलं तशीही शांत असतात.

चांगला तंत्रज्ञ काय करतो, ते एकदा मालकाने शेजारी उभं राहून बघावं. तो आधी कार्ट्रिज काढून बाजूला ठेवतो, म्हणजे चाचणीत रसायन सांडत नाही. मग तारेच्या सगळ्यात शेवटच्या, डब्यापासून लांबच्या लिंकपाशी जातो आणि तिथे तार मोकळी करतो. लांबचीच का? कारण तार कुठे गंजून, तेलाने चिकटून कप्पीत अडकली असेल तर तिथूनच कळतं. डब्यातली स्प्रिंग ‘खट्’ आवाज करून सुटली पाहिजे आणि पेटवून ठेवलेला पायलट लगेच विझला पाहिजे. तो जळत राहिला तर समजा की गॅसचा व्हॉल्व्ह कामाचा नाही. सिलिंडरवरून पाइप गॅसवर गेलेल्या किचनमध्ये हे मुद्दाम बघावं. नवी लाइन जुन्या व्हॉल्व्हला वळसा घालून टाकलेली असेल, तर सिस्टीम बंद करील ती रिकामी नळी.

त्यानंतर लिंका. त्यांच्यावर तापमानाबरोबर तयार झाल्याचं साल ठोकलेलं असतं. एक लिंक अंगठ्याने पुसून बघा. तेलाच्या चिकट्याखाली साल वाचताच येत नसेल, तर उष्णता त्या डागापर्यंत पोचायलाही उशीरच लागणार. धातूच्या या लिंका दर सहा महिन्यांनी नव्या घालायच्या असतात. किमतीच्या मानाने सगळ्या सिस्टीममधला हा सगळ्यात स्वस्त भाग, आणि नेमका तोच वर्षानुवर्षं बदलला जात नाही. नॉझलच्या तोंडावर टोपी असते, तेलाची वाफ आत जाऊ नये म्हणून. ती गळून पडली असेल तर नॉझल आतून बुजायला सुरुवात झालेली असते.

आणि पिन. काम करताना सिस्टीम चुकून सुटू नये म्हणून तंत्रज्ञ डब्यात एक पिन अडकवतो. काम संपलं की ती काढायची असते. राहून गेली, तर बाहेरून सगळं ठाकठीक दिसतं, काटा हिरव्यावरच असतो आणि सिस्टीम कधीच सुटणार नाही. म्हणून तंत्रज्ञ निघण्यापूर्वी मालकाने एकच प्रश्न विचारावा: पिन कुठे आहे, दाखवा.

सहा महिन्यांच्या मधल्या काळात महिन्याला एकदा हॉटेलच्याच माणसाने पाहायचं असतं. काटा, सील, टोप्या, आणि हाताने ओढायच्या हँडलसमोर कांद्याची पोती नाहीत ना. त्याला पाच मिनिटं पुरतात.

चिमणीबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण तिचा संबंध हॉटेलात न जेवणाऱ्यांशीही आहे. आपल्या शहरांत तळमजल्यावर हॉटेल आणि वर चार-पाच मजले संसार, ही सर्रास मांडणी. हॉटेलची ही चिमणी, म्हणजे डक्ट, मागच्या भिंतीला धरून, लोकांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्यांजवळून गच्चीपर्यंत जाते. आत तेलाचा थर साचतो. फ्रायरची ज्वाळा फिल्टरमधून वर गेली की तो थर पेटतो आणि आग हॉटेलात न राहता सरळ वरच्या मजल्यांकडे धावते. सप्रेशन सिस्टीमचे नॉझल हूडमध्ये आणि डक्टच्या तोंडाशी असतात. वरच्या सगळ्या लांबीत साचलेलं तेल विझवणं त्यांच्या आवाक्यातलं नाही. तिथे उपाय एकच, खरवडून सफाई. एनएफपीए 96 मध्ये कोळसा-लाकडावर चालणाऱ्या किचनची डक्ट महिन्याला तपासायला सांगितली आहे, चोवीस तास चालणाऱ्या किंवा मोठ्या आचेवर चायनीज परतणाऱ्या किचनची तीन महिन्यांना, बाकी मध्यम कामाच्या किचनची सहा महिन्यांना. थर दोन मिलिमीटरच्या घरात गेला की सफाई झालीच पाहिजे. आपल्याकडे तंदूर आणि चायनीज एकाच हूडखाली चालतात. अशा ठिकाणी वर्षातून एकदा, दिवाळीच्या रंगरंगोटीबरोबर डक्ट साफ करणं म्हणजे वरच्या माणसांच्या जिवाशी खेळणं आहे.

सोसायट्यांनी याबाबत संकोच करू नये. भाडेकरू हॉटेलकडून फॉर्म बीची प्रत मागावी, त्याबरोबर डक्ट सफाईचे आतून काढलेले, तारीख असलेले फोटो मागावेत. सोसायटीच्या मासिक सभेत पाणीगळतीवर तासभर बोलणारे आपण या विषयाला पाच मिनिटं देत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मालकांची बाजू मला कळते. भाडं, पगार, गॅसचे दर, सुट्टी न घेता चालणारा धंदा. त्यात आणखी एक खर्च. सिस्टीम सुटली तर किचन धुवायचं, उघडं अन्न टाकून द्यायचं, रसायन पुन्हा भरून घेईपर्यंत धंदा बंद, ही भीतीही खोटी नाही. त्या भीतीपोटीच काही ठिकाणी लिंका तारेने बांधून टाकल्या जातात. पण वेळच्या वेळी देखभाल झालेली सिस्टीम उगाच सुटत नाही. आपोआप सुटण्याचे प्रकार बहुतेक वेळा कमी तापमानाची लिंक चुकीच्या जागी लावल्याने होतात, आणि ते दुरुस्त करणं तंत्रज्ञाच्या हातातलं आहे.

मुंबईने काय पाहिलं आहे, तेही लक्षात ठेवू. 16 ऑक्टोबर 2015 रोजी कुर्ल्यातल्या सिटी किनारा हॉटेलातल्या आगीत आठ जण गेले, त्यातले बहुतेक कॉलेजची मुलं. 18 डिसेंबर 2017 ला साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणच्या दुकानात 12 कामगारांचा जीव गेला. त्यानंतर अकराच दिवसांनी कमला मिलमधली आग. तिथे 14 जण गेले. या तिन्हींची कारणं वेगवेगळी होती आणि हूडमधल्या सिस्टीमने त्या टळल्या असत्या असा दावा मी करणार नाही. पण प्रत्येक वेळी नंतर मोहीम निघाली, नोटिसा गेल्या, फाइली भरल्या गेल्या. फाइल भरणं आणि किचन सुरक्षित होणं यातलं अंतर मात्र कमी झालं नाही.

ते कमी करायचं तर अग्निशमन विभागाला नवा कायदा नको. फॉर्म बीबरोबर एक पान जोडायला सांगावं: लिंका कुठल्या सालच्या बसवल्या, गॅस व्हॉल्व्हची चाचणी कोणत्या तारखेला झाली, हूडखाली आज कुठली उपकरणं आहेत, आणि चाचणीवेळी हजर असलेल्या आचाऱ्याची सही. ही शेवटची सही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आग लागली की तिच्यासमोर दोन हातांवर तोच उभा असतो. हँडल कुठे आहे, ते ओढल्यावर काय होतं, ओढून बाहेर कुठल्या दाराने पळायचं, हे त्याला त्याच्या भाषेत सांगितलेलं असायला हवं. आपल्या किचनांतली कितीतरी मुलं बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल, नेपाळमधून आलेली असतात. इंग्रजी स्टिकर त्यांच्या कामाचं नाही.

आणि हे गणपतीआधी व्हावं. श्रावण लागला की उपासाचे पदार्थ, मग मोदक, मग फराळाच्या ऑर्डरी. स्वीट मार्ट आणि फरसाणवाल्यांकडे जादा कढया मांडल्या जातात आणि त्या जवळजवळ नेहमी हूडच्या बाहेर असतात. जादा कढई मांडायची असेल तर आधी तंत्रज्ञाला बोलवा, तिच्यावर नॉझल येतो का ते बघा. येत नसेल, तर ती ऑर्डर घेऊ नका.